निरंक

पारोळ्याकडून येताना डाव्या हाताला
एक लांब गवताळ पाठ दिसते,
बसलेल्या म्हशीची असावी तशी.
हे काय, बरोबरचे विचारतात.
धरण, मी सांगते.
मग पाणी कुठाय?

पाणी नसणं हेच त्याचं काम.
सहा मीटर माती, आत काळ्याचा गाभा, वर मुरूम,
पाण्याकडच्या अंगाला दगडाचं अस्तर.
नाल्याला लोंढा आला की पोटात घ्यायचा,
एक रात्र, दोन रात्री,
मग तळच्या मोरीतून जाऊ द्यायचा बेतानं
आणि पुन्हा रिकामं होऊन बसायचं.
मोरीला दार नाही.
मुद्दाम नाही.

हे करंजखेड्यात कोणाला पटावं?
मार्च लागला की जिथे हंडे रांगेत झोपतात,
सहाशे फूट खाली जाऊन जिथे बोअर नुसती धूळ ओकतो,
तिथे आलेलं पाणी सोडून देणारं धरण!
दर भाद्रपदात कोणीतरी मोरीत पोती कोंबायचं.
पोती, पाचट, एकदा तर अख्खी गादी.
आप्पा रात्री उतरून काढायचा, काठावर वाळत घालायचा.
पोत्यांवर खताच्या कंपनीचं नाव असायचं.
ते खत आमच्याकडे फक्त वेडूमामाच्या केळीला पडायचं.
आई ती पोती बघायची आणि भाकरी थापायची.

धुडकू तोताराम कोळी, रोजंदारीवर.
रजिस्टरात तारीख, पातळी, शेरा.
पातळी निरंक. शेरा निरंक.
अकरा वर्षं त्याच अक्षरात.
बाभळीचं बोटभर रोप दिसलं तरी उपटायचा,
खेकड्याच्या बिळात काठी घालून लांबी मोजायचा,
आणि पाणी अडलेलं असेल त्या चार-पाच दिवसांत
पायथ्याचा झिरपा टपरीवरच्या काचेच्या ग्लासात धरून
सूर्याकडे करायचा.
नितळ असला तर धरणाला घाम आलाय, म्हणायचा, येऊ दे.
गढूळ असला तर ते स्वतःला विकतंय,
चिमूट चिमूट.

पोळ्यानंतरच्या तिसऱ्या रात्री
मोरी तुंबलेली होती, आणि वरच्या रानात ढग बसला होता.
बॅटरी माझ्या हातात.
ग्लास भरला तो चहासारखा.
आप्पा ओरडला नाही.
धाकट्याला गावात पिटाळलं, सगळ्यांना शाळेवर चढवायला,
आणि मला म्हणाला, उजेड हलवू नको.

मामा ट्रॅक्टर घेऊन आला, ओल्या चिखलाची ट्रॉली भरून.
बुजी टाका, बुजी टाका ते भोक!
आप्पानं ट्रॉलीचा फाळका धरून ठेवला.
बुजू नका दाजी.
पानीले जाऊ द्या. मातीले धरा.

मग वाळू. वाळूवर बारीक खडी. खडीवर दगड.
पाटीनं, घमेल्यानं, शेवटी आईच्या लुगड्याच्या ओच्यातून.
वर सांडव्यावरून पाणी गुरगुरत निघालं होतं,
काठाला दोन हात उरले, मग दीड.
कोणी कोणाशी बोललं नाही.
तिसऱ्या ग्लासात चहा फिका झाला.
सातव्यात आप्पाची बोटं दिसली पलीकडून,
सुजलेली, पांढरी.

उजाडल्यावर गाव शाळेवरून उतरलं.
गोधड्या भिजल्या, लेकरं खोकायला लागली,
आणि पूर तर आलाच नाही, म्हणाले.
उगीच उठवलं कोळ्यानं.
सरपंचांनी चहासुद्धा विचारला नाही.

आप्पानं रजिस्टर उघडलं.
पातळी लिहिली, खरी, सेंटिमीटरसकट.
शेऱ्याच्या रकान्यावर पेन बराच वेळ थांबलं.
मामा दारात उभा होता, चपला हातात घेऊन.
मग आप्पानं लिहिलं, नेहमीच्याच अक्षरात:
निरंक.

चार दिवसांनी मामाकडून केळीचा घड आला,
हिरवा, कच्चा.
आईनं तो आढ्याला टांगला.
पिकेपर्यंत त्याच्याखालून आम्ही
वाकून ये-जा करत होतो.